डच आणि हिब्रूसाठी अनुवादक हवा आहे? आधी हे वाचा

"मुलगा आइंडहोव्हनला नोकरीला लागला. सुनेच्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला मागितला आहे, तो डचमध्ये करून द्यायचा का?" "इस्रायलमधल्या मामांच्या घराच्या वाटणीचे पत्र हिब्रूत आले आहे. पुण्यात कोण वाचून देईल?" "आमचा गोडा मसाला रॉटरडॅमला पाठवायचा आहे. लेबलाचे भाषांतर इंटरनेटवरून केले तर चालेल?" वाचकांकडून असे प्रश्न वारंवार येतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी गोंधळ एकच आहे. आधी अनुवादक शोधला जातो, पैसे दिले जातात, आणि तो कागद जिथे द्यायचा तिथे काय चालते याची चौकशी शेवटी होते. हा क्रम उलटा केलात, तर निम्मा खर्च आणि बराचसा मनस्ताप वाचेल.

अनुवादक की दुभाषा?

लिहिलेल्या मजकुराचे भाषांतर करतो तो अनुवादक आणि बोलणे तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत सांगतो तो दुभाषा. उत्तम अनुवादक चांगला दुभाषा असेलच असे नाही. तेव्हा चौकशी करताना या चार गोष्टी सुरुवातीलाच सांगा:

- काम लेखी आहे की तोंडी
- कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत
- कागद किंवा संभाषण कोणत्या देशातल्या, कोणत्या कार्यालयासाठी आहे
- विषय काय: कायदा, वैद्यकीय, शेती, व्यापार की घरगुती पत्रव्यवहार

अनुवाद खरोखर लागणार आहे का?

नेदरलँड्सचा इमिग्रेशन विभाग डचखेरीज इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन भाषेतली कागदपत्रे स्वीकारतो. महाराष्ट्रात आज मिळणारे जन्म-मृत्यूचे आणि विवाहनोंदणीचे दाखले बहुतेक मराठी-इंग्रजी असे दोन्ही भाषांत असतात. असा दाखला हातात असेल, तर डच अनुवादाची गरज सहसा पडत नाही. गरज असते ती अपोस्टिलची, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशासाठी प्रमाणित करणाऱ्या शिक्क्याची.

अडचण येते ती जुन्या दाखल्यांची. ग्रामपंचायतीने तीस-चाळीस वर्षांपूर्वी हाताने लिहून दिलेला, फक्त मराठीतला उतारा घेऊन लोक थेट अनुवादकाकडे जातात. त्याआधी त्याच ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन नवा द्विभाषिक दाखला मिळतो का, ते पाहा. तो अनुवादापेक्षा स्वस्त पडतो आणि परदेशी अधिकाऱ्यालाही स्वतः वाचता येतो.

उलट दिशेनेही हाच विचार करा. नेदरलँड्समध्ये बाळ जन्मले, तर तिथल्या नगरपालिकेकडून साधा डच दाखला न घेता 'आंतरराष्ट्रीय उतारा' मागा. तो अनेक भाषांत छापलेला असतो आणि त्यात इंग्रजीही असते.

नेदरलँड्ससाठी: शपथबद्ध अनुवादक

नेदरलँड्समध्ये शपथबद्ध अनुवादक आणि दुभाषे यांच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. २००९ पासून तो लागू आहे. त्यानुसार चालणाऱ्या सरकारी नोंदवहीला थोडक्यात 'आरबीटीव्ही' म्हणतात. या नोंदवहीत नाव असलेल्या आणि न्यायालयासमोर शपथ घेतलेल्या व्यक्तीलाच 'बेएडिग्ड फर्टालर', म्हणजे शपथबद्ध अनुवादक, म्हणवून घेता येते. नोंद पाच वर्षांसाठी असते. ती पुढे चालू ठेवायची तर प्रशिक्षण घेत राहावे लागते आणि चारित्र्याचा दाखलाही लागतो. नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. भाषांची जोडी निवडा, नावे मिळतात.

तुमच्या हातात येणाऱ्या शपथबद्ध अनुवादात या गोष्टी आहेत का, ते तपासा:

- अनुवाद मुळाबरहुकूम असल्याचे निवेदन
- अनुवादकाची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक
- मूळ कागदाची प्रत अनुवादाला जोडलेली
- शिक्के, समासातले शेरे आणि अपोस्टिल यांचाही अनुवाद

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आधी अपोस्टिल, मग अनुवाद, हा क्रम ठेवा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. दाखला आधी राज्य सरकारकडून प्रमाणित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. अनुवाद आधी करून घेतलात, तर नंतर चिकटवलेल्या अपोस्टिलचा त्यात उल्लेखच नसतो आणि काम पुन्हा करावे लागू शकते.

भारतात केलेला अनुवाद तिथे चालतो का? भारतात शपथबद्ध अनुवादकांची अशी राष्ट्रीय नोंदवही नाही. आपल्याकडच्या नोटरीचा शिक्का सही कुणी केली, प्रतिज्ञापत्र कुणी दिले, एवढेच सांगतो. अनुवाद बरोबर आहे याची हमी तो देत नाही. नेदरलँड्सबाहेर केलेल्या अनुवादालाही सहसा वेगळे अपोस्टिल मागितले जाते. म्हणून कागद डच कार्यालयासाठी असेल, तर तिथल्या नोंदवहीतला अनुवादक घेणेच श्रेयस्कर. स्कॅन पाठवून काम होते, अनुवादाची मूळ प्रत टपालाने येते. ई-स्वाक्षरीची प्रत चालेल का, हे संबंधित कार्यालयाला विचारून घ्या.

बेल्जियमची गल्लत करू नका. तिथली शपथबद्ध अनुवादकांची नोंदवही वेगळी आहे. अँटवर्पसाठी डच लागेल, पण ब्रुसेल्समध्ये डच आणि फ्रेंच या दोन्ही अधिकृत भाषा आहेत. तिथल्या कार्यालयाला कोणती हवी, ते विचारल्याशिवाय काम देऊ नका.

इस्रायलसाठी: नोटरीचा अनुवाद

इस्रायलची पद्धत निराळी आहे. तिथे शपथबद्ध अनुवादकांची सरकारी नोंदवही नाही. अनुवादाला अधिकृतपणा येतो तो नोटरीमुळे, आणि तिथला नोटरी आपल्याकडच्या नोटरीसारखा नसतो. किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलालाच हा परवाना मिळतो. अनुवाद बरोबर असल्याचे प्रमाणपत्र देण्यासाठी मूळ आणि अनुवाद या दोन्ही भाषा त्याला स्वतःला यायला हव्यात.

नोटरीला तुमच्या कागदाची भाषा येत नसेल, तर अनुवादक त्याच्यासमोर प्रतिज्ञापूर्वक निवेदन करतो आणि नोटरी त्या निवेदनावर सही-शिक्का करतो. हे दोन कागद एकसारखे नाहीत. कोणता चालेल, ते संबंधित कार्यालयाला आधी विचारा.

- इस्रायलच्या कायदा मंत्रालयाच्या यादीत नोटरींची नावे असतात, त्यांना येणाऱ्या भाषाही दिलेल्या असतात. यादीत नसलेल्या माणसाला काम देऊ नका.
- नोटरीचे शुल्क नियमाने ठरलेले असते आणि दरवर्षी बदलते. घासाघीस करू नका, पावती मात्र घ्या. अनुवादाची मजुरी याहून वेगळी असते. दोन्ही रकमा स्वतंत्र लिहून मागा.
- नोटरीचा कागद भारतात वापरायचा असेल, तर त्यावर इस्रायली न्यायालयाचे अपोस्टिल घ्यावे लागते.
- व्यापारी पत्रे, माहितीपत्रके यांना नोटरी लागत नाही. अशा कामासाठी इस्रायल ट्रान्सलेटर्स असोसिएशनच्या सदस्ययादीत विषयानुसार शोध घ्या.

कामाचे वेळापत्रक आखतानाही तिथली सवय लक्षात घ्या. इस्रायलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो, शुक्रवार-शनिवार कार्यालये बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सण लागोपाठ येतात, त्या काळात तातडीचे काम होईल असे धरून चालू नका.

थेट मराठीतून डच किंवा हिब्रू करणारा मिळेल का?

मिळतो, पण फार कमी. हिब्रूसाठी बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या यहुदी समाजात, मराठी आणि हिब्रू दोन्ही सहज बोलणारी माणसे आहेत. अश्दोद, दिमोना, लोद, रामला इथल्या ज्येष्ठांच्या घरात आजही मराठी बोलली जाते. घरगुती पत्रे, आठवणी, नातेवाइकांशी बोलणे यासाठी त्यांची मदत मोलाची आहे. वारसाहक्काच्या किंवा मालमत्तेच्या कागदासाठी मात्र भाषा येणे पुरत नाही, कायद्याची परिभाषा यावी लागते.

सरकारी कामासाठी व्यवहार्य वाट बहुतेक वेळा इंग्रजीतून जाते. आधी मराठीतून इंग्रजी, मग इंग्रजीतून डच किंवा हिब्रू. अशा दुहेरी अनुवादात पहिल्या टप्प्यातली चूक दुसऱ्या टप्प्यात तशीच उतरते, म्हणून इंग्रजी मजकूर स्वतः शब्दन् शब्द वाचून मगच पुढे पाठवा. 'सातबारा', 'फेरफार', 'वारसनोंद', 'कुळ' हे शब्द तिथल्या अनुवादकाला कळणार नाहीत. प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत लिहून सोबत द्या.

नावे, तारखा, आकडे: तुम्हीच तपासा

अनुवादकाला तुमची भाषा येत नसेल, तर या तीन ठिकाणी चूक राहण्याचा संभव सर्वांत जास्त.

१. नावे. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव बदलते. डच नोंदीत स्त्रीचे जन्मनावच कायम राहते. जन्मदाखला, विवाहदाखला आणि पासपोर्ट यांत नावे वेगवेगळी दिसली की अधिकारी विचारणा करतात. दोन्ही नावे जोडणारा कागद, म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद, सोबत ठेवा. अनुवादात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा.

२. हिब्रूतली नावे. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत. 'पेणकर' हे आडनाव वाचणारा 'पिनकर' किंवा 'पनकर' असेही वाचू शकतो. घरातल्या कुणाच्या इस्रायली ओळखपत्रावर आडनाव आधीच नोंदलेले असेल, तर तेच लेखन सगळ्या कागदांवर ठेवायला सांगा. वारसाच्या दाव्यात एका अक्षराचा फरकही अडवून धरतो.

३. आकडे. आपण १२,५०,००० लिहितो. डच पद्धतीत स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून येतो आणि हजारांच्या गटांसाठी टिंब वापरतात. बँकेच्या पत्रात रक्कम आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहून घ्या. देवनागरी १ आणि ९ जुन्या हस्तलिखितात सारखे दिसतात, म्हणून जन्मतारखा टाइप करून वेगळ्या द्या.

हिब्रू मजकूर छापायचा असेल, तर आणखी एक काळजी घ्या. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. आपल्याकडच्या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवताना अक्षरांचा क्रम उलटा होतो आणि तो ओळखणारे प्रेसमध्ये कुणी नसते. छपाईला जाण्यापूर्वीचे शेवटचे प्रूफ अनुवादकाकडून वाचून घ्या आणि हे काम करारातच लिहा.

माल निर्यात करणाऱ्यांसाठी

नेदरलँड्समध्ये विकल्या जाणाऱ्या डबाबंद खाद्यपदार्थांवर डचमध्ये माहिती लागते, इस्रायलमध्ये हिब्रूत. युरोपीय संघाच्या यादीत ॲलर्जी आणणारे १४ घटक आहेत. गोड्या मसाल्यातले तीळ, लोणच्यातली मोहरी आणि चटणीतले शेंगदाणे हे तिन्ही त्यात येतात. घटकांच्या यादीत ते ठळक दिसावे लागतात. तिथे चूक झाली तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून लेबलासाठी खाद्यनियम जाणणारा अनुवादक घ्या आणि छापण्याआधी ते तिथल्या आयातदाराला तपासायला द्या.

दुभाषा ठरवताना

ठिबक सिंचन पाहायला इस्रायलला किंवा हरितगृहे आणि फुलांचा लिलाव पाहायला नेदरलँड्सला आपले शेतकरी अभ्यासदौऱ्यावर जातात. तिथले तज्ज्ञ बहुधा इंग्रजी उत्तम बोलतात. अशा दौऱ्याला डच किंवा हिब्रू दुभाष्याहून शेती समजणारा मराठी-इंग्रजी दुभाषा जास्त उपयोगी पडतो. दौऱ्यापूर्वी त्याला पिकांची, औषधांची, यंत्रांची नावे लिहून द्या.

- परिषदेत वक्ता बोलत असतानाच भाषांतर हवे असेल, तर दोन दुभाषे लागतात. हे काम इतके थकवणारे असते की दर २० ते ३० मिनिटांनी ते आळीपाळीने बोलतात. 'एकट्याने दिवसभर करतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा.
- नेदरलँड्सच्या नोंदवहीत दुभाष्यांची सी१ (वरची) आणि बी२ (त्याखालची) अशा भाषा-पातळ्यांनुसार नोंद असते. न्यायालय, करार, घटस्फोट अशा कामांसाठी सी१ मागा.
- तिथे घर घेताना खरेदीखत नोटरीसमोर होते. खरेदीदाराला डच नीट कळत नसेल, तर नोटरीने दुभाष्याची किंवा अनुवादाची व्यवस्था पाहावी लागते. तारीख ठरतानाच हा विषय काढा आणि खर्च विचारून घ्या.

दवाखान्यात मुलांना दुभाषा करू नका. मुलाकडे राहायला गेलेली आई आजारी पडते, डॉक्टर डच किंवा इंग्रजीत बोलतात आणि मुलगा मराठीत सांगतो. वाईट बातमी तो गाळतो, आईही मुलासमोर दुखणे लपवते. कधी तर दहा-बारा वर्षांच्या नातीला आजीच्या आजाराबद्दल बोलावे लागते. हे दोघांवरही अन्यायकारक आहे आणि उपचारासाठी धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेची संमती देताना किंवा गंभीर निदान ऐकताना फोनवरचा व्यावसायिक दुभाषा मागा. मराठी मिळाला नाही, तर हिंदी चालेल का, हे रुग्णालाच विचारा. खर्च कोण करणार, हेही आधी स्पष्ट करून घ्या.

तुमचे हक्क

- फौजदारी प्रकरणात युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार संशयिताला विनामूल्य दुभाषा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांचा अनुवाद मिळण्याचा हक्क आहे. पोलिसांच्या चौकशीपासून तो लागू होतो. समजले नसेल, तर सही करू नका, दुभाषा मागा. दिवाणी दाव्यात मात्र दुभाषा बहुतेक वेळा आपणच आणायचा असतो.
- इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्यांना नोकरीचा लेखी करार त्यांना समजेल अशा भाषेत मिळायला हवा, असे तिथला परदेशी कामगारांचा कायदा सांगतो. केवळ हिब्रूतला करार पुढे केला, तर दुसरी प्रत मागा. तिथल्या कामगारांना हक्कांबाबत मदत करणाऱ्या काव्ह लाओव्हेद या संस्थेकडे जाता येते.
- गोपनीयता. डच शपथबद्ध अनुवादकावर गुप्तता पाळण्याचे कायदेशीर बंधन आहे. काम चुकीचे झाले, तर त्याच्याविरुद्ध तक्रारीची अधिकृत सोयही आहे.

दर आणि करार

खासगी कामाला ठरावीक दर नाही. किमान दोन ठिकाणांहून लेखी दर मागवा आणि त्यात हे स्पष्ट करून घ्या:

- दर मूळ मजकुराच्या शब्दांवर की अनुवादाच्या? हिब्रूत अव्यये शब्दालाच जोडलेली असतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. हिशेब कसा करतात, यावर रक्कम बदलते.
- कर धरला आहे का? नेदरलँड्समध्ये मूल्यवर्धित कर २१ टक्के आहे, इस्रायलमध्ये २०२५ पासून १८ टक्के.
- दुसरी व्यक्ती तपासणी करणार का? संस्था 'आयएसओ १७१००' मानकाचा दाखला देत असेल, तर त्या मानकानुसार दुसऱ्या भाषातज्ज्ञाची तपासणी बंधनकारक आहे.
- टपाल, जादा प्रती, तातडीचे शुल्क आणि कार्यालयाने आक्षेप घेतल्यास दुरुस्ती कोण करणार?

फसवणूक कशी ओळखाल?

या व्यवसायात खऱ्या अनुवादकाची माहिती चोरून, ईमेलचा पत्ता तेवढा बदलून काम मिळवणारे लोक आहेत. ते स्वस्तात काम घेतात आणि यंत्राने केलेला अनुवाद पाठवून देतात. म्हणून:

- ईमेलवर आलेले नाव अधिकृत नोंदवहीत शोधा आणि नोंदवहीत असलेल्या पत्त्यावरच संपर्क करा.
- व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटे बोला.
- 'कुठल्याही भाषेत, आज रात्रीपर्यंत, शिक्क्यासह' असे सांगणाऱ्यापासून दूर राहा.
- पासपोर्ट, वैद्यकीय अहवाल, मृत्युपत्र फुकटच्या अनुवाद-साधनांवर चढवू नका. आलेल्या साध्या पत्राचा विषय कळावा इतकाच त्यांचा उपयोग करा. यंत्राचा अनुवाद कार्यालयात देऊ नका.

जुन्या कागदांसाठी वेगळा तज्ज्ञ

वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा अभ्यास करणाऱ्यांना सतराव्या शतकातले हस्ताक्षर वाचणारा लागतो. ते काम आजच्या शपथबद्ध अनुवादकाचे नाही, इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. कोकणातल्या यहुदी कबरींवरची वर्षे अनेकदा हिब्रू अक्षरांनी लिहिलेली असतात आणि हजारांचा आकडा गाळलेला असतो. ५६८० हे ज्यू वर्ष म्हणजे १९१९-२०. जुने विवाहकरार, म्हणजे केतुबा, बहुतांशी अरामी भाषेत असतात. त्यासाठी आधुनिक हिब्रूचा अनुवादक पुरेसा नाही, धर्मग्रंथांची भाषा जाणणारा माणूस शोधा.

कामाला लागताना

ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे, त्याला आजच तीन ओळींचा ईमेल पाठवा: कोणती भाषा चालेल, कुणी केलेला अनुवाद चालेल, अपोस्टिल कशावर हवे. लेखी उत्तर आल्यावरच अनुवादकाला पैसे द्या आणि ते उत्तर अनुवादासोबत जपून ठेवा. उद्या कुणी आक्षेप घेतला, तर तुमच्या बाजूने बोलणारा पहिला पुरावा तोच असेल.